जरा थंड घ्या!

शनिवार, दुपारचे साडेतीन. समोर भाट्याचा समुद्र, बाजूला सुरूची झाडं, ऑफिसचा लॅपटॉप पुण्यात, मोबाइल सायलेंटवर. अशा वेळी माणसाला आयुष्यात आणखी काय लागतं? काहीतरी थंडगार! मी ऐटीत गाडीतला फ्रिज उघडला, कोकम सरबताची बाटली काढली, मोठा घोट घेतला... आणि चहाच प्यायलो की काय असं वाटलं.

मला तिखटमीठ लावून सांगायची सवय आहे, हे या पानाच्या नेहमीच्या वाचकांना ठाऊक आहेच. तेव्हा आकडाच सांगतो. बाहेर ३३ अंश, फ्रिजमध्ये १९. म्हणजे फ्रिज बंद नव्हता. बिचारा प्रयत्न करत होता. सरबताचं सोडा हो, पण त्याच फ्रिजच्या दारात, लोण्याच्या कप्प्यात, माझ्या बाबांची इन्शुलिनची चार न उघडलेली पेनं होती. आणि ती २ ते ८ अंशांत राहायला हवी होती.

बाबांनी माझ्या खांद्यावरून थर्मामीटर पाहिला. काही बोलले नाहीत. मग आईकडे वळून म्हणाले, "मी उद्या सकाळच्या एसटीनं जातो परत. तुम्ही फिरा."

आता हे वाक्य मला का लागलं ते सांगतो. बाबांचं बालपण रत्नागिरीतलं. दोन वर्षं मी त्यांच्या मागे लागलो होतो, की एकदा गाडीनं खालपर्यंत जाऊ, भाट्ये, पावस, पूर्णगड करत पार वेंगुर्ल्यापर्यंत. दहा दिवस, निवांत. प्रत्येक वेळी उत्तर एकच, "माझी सुया-औषधांची लटांबर कुठे घेऊन फिरणार?" शेवटी मी जिंकलो तो एकाच मुद्द्यावर. "बाबा, गाडीत फ्रिज आहे!"

तर हा तो फ्रिज.

गाडी माझी नाही. माझ्या जुन्या रूममेटची. त्याला आपण कॅप्टन म्हणू, कारण तो स्वतःला तेच म्हणवतो. २०२१ मध्ये महाराष्ट्र सरकारनं कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून त्याच्या डोक्यात हे खूळ. एक ट्रॅव्हलर घेतली, आत बेड, किचन, छोटं टॉयलेट बसवलं, आणि कुठल्याशा जुन्या युरोपियन कॅराव्हॅनमधून निघालेला सेकंडहॅण्ड फ्रिज स्वस्तात पटकावला. थ्री-वे! म्हणजे गाडी चालू असताना १२ व्होल्टवर, कुठे प्लग मिळाला तर घरच्या विजेवर आणि रानावनात उभे असाल तर गॅसवर. हल्ली नव्या गाड्यांत बॅटरीवर चालणारा कॉम्प्रेसरचा फ्रिजच जास्त दिसतो. पण कॅप्टनला गॅसचा रोमान्स! बॅटरीची चिंता नाही, आवाज नाही, छोटा सिलिंडर बरेच दिवस पुरतो.

मी काय केलं? जे आपण सगळे ऑफिसात करतो तेच. बंद करून चालू केला. मग बटण फुल्लवर फिरवलं. मग दर दहा मिनिटांनी दार उघडून पाहिलं, की झाला का थंड. बाबा म्हणाले, "अरे, तू त्याला गार वारा घालतोयस की बाहेरचा उकाडा आत भरतोयस?" मी दुर्लक्ष केलं. मग म्हणाले, "यात आत ज्योत आहे ना?" मी म्हटलं, हो, गॅसची आहे. "म्हणजे आमच्या रॉकेलच्या फ्रिजसारखा."

इथे मी पहिल्यांदा मान वर केली.

बाबा आरोग्य खात्यात फार्मासिस्ट होते. १९७९ मध्ये ते ज्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले, तिथे विजेचा भरवसा नव्हता आणि लसी ठेवायला रॉकेलवर चालणारा फ्रिज होता. खाली टाकी, वात, काचेतून दिसणारी ज्योत. वात कापायची, काजळी पुसायची, हे त्यांचं रोजचं काम. मला हे माहीतच नव्हतं! चाळीस वर्षं मी समजत होतो की बाबा म्हणजे गोळ्यांच्या पुड्या बांधणारा माणूस.

ज्योत लावून थंडी कशी तयार होते, हा फंडा एकदा क्लिअर झाला की पुढचं सगळं सोपं आहे, म्हणून थोडं शास्त्र. घरच्या फ्रिजमध्ये मोटर असते, ती वायू दाबते. इथे मोटरच नाही. हलणारा एकही भाग नाही. मागच्या नळ्यांत पाणी, अमोनिया आणि हायड्रोजन कायमचे बंद करून ठेवलेले असतात. ज्योतीनं खालचं पाणी तापतं, त्यातला अमोनिया वाफ होऊन बुडबुड्यांबरोबर वर चढतो. वर जाळीत निवतो, द्रव होतो आणि उतारानं घरंगळत आतल्या भागात येतो. तिथे हायड्रोजन असतो, त्याच्या संगतीत अमोनियाची पुन्हा वाफ होते आणि ती होताना तो फ्रिजमधली उष्णता ओढून घेतो. मग खाली पाण्यात विरघळतो, आणि पुन्हा ज्योतीकडे. बस्स. ही आयडिया १९२२ मध्ये स्टॉकहोममधल्या दोन विद्यार्थ्यांची, फॉन प्लाटेन आणि मुंटर्स. १९२५ पासून इलेक्ट्रोलक्सनं असे फ्रिज बाजारात आणले. गंमत म्हणजे साक्षात आइनस्टाइननं लिओ झिलार्ड या दोस्ताबरोबर हलणारा भाग नसलेल्या फ्रिजचं पेटंट घेतलं होतं, अमेरिकेत ते १९३० मध्ये मिळालं. म्हणजे आम्ही भाट्याला ज्याच्याशी झटत होतो ते काही ऐरंगैरं यंत्र नव्हतं!

पण या वर्णनातला एक शब्द पकडा. 'उतारानं'. ढकलायला पंप नाही, सगळं गुरुत्वाकर्षणावर. गाडी कलती असेल तर द्रव नळीत नको तिथे साचतो आणि फेरा तुटतो. बाबांनी स्वयंपाकघरातलं स्टीलचं ताट मागवलं, फ्रिजच्या तळाशी ठेवलं आणि त्यात तांब्याभर पाणी ओतलं. पाणी एका काठाशी सांडायला आलं, दुसऱ्या बाजूला ताटाचा तळ कोरडा! गाडी समुद्राकडे झुकलेली. आम्ही एका होमस्टेच्या आवारात उभे होतो आणि ते आवार किनाऱ्याकडे उतरतं हे डोळ्यांना अजिबात जाणवत नव्हतं. होमस्टेचे काका हसून म्हणाले, "कलतीच आहे हो गाडी तुमची. मला वाटलं, तुम्हाला समुद्र बघत झोपायचं असेल."

अशा फ्रिजला साधारण ३ अंशांपेक्षा जास्त आडवा कल चालत नाही. गाडी चालू असताना काही होत नाही, कारण धक्क्यांनी द्रव इकडेतिकडे हलत राहतो. बिघडतं ते उभ्या गाडीत. आणि नुसतं थंड होत नाही एवढ्यावर भागत नाही. तासन् तास कलत्या गाडीत ज्योत जळत राहिली तर नळी खालून नको इतकी तापते, आतलं गंजरोधक रसायन घट्ट होऊन अडकतं आणि मग फ्रिज कायमचा गेला. मागच्या नळ्यांवर पिवळी पूड दिसली किंवा अमोनियाचा नाकात झोंबणारा वास आला, तर समजायचं की नळी फुटली. ताबडतोब बंद करा, दारं-खिडक्या उघडा, बाहेर या. आमच्याकडे दोन्ही नव्हतं. हुश्श.

ताट पाहून मी खजील झालो, पण बाबांनीही लगेच पुढचा सल्ला दिला, "आता उपसून उलटा करून ठेवू तासभर. आम्ही तसंच करायचो." जुन्या लोकांची ही युक्ती खरी आहे, अडकलेला द्रव त्यानं सुटायचा म्हणे. पण हा फ्रिज फर्निचरमध्ये स्क्रूनं ठोकलेला आणि गॅसच्या पाइपला जोडलेला. तो उलटा करायचा तर गाडीच उलटी करावी लागली असती. कॅप्टनचा चेहरा बघण्यासारखा झाला होता!

तोवर आईनं व्यवहारी प्रश्न विचारला, "औषधाचं काय?" फॅमिली डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, काही तास १९ अंशांत राहिलं म्हणून इन्शुलिन फुकट जात नाही. बहुतेक इन्शुलिन साध्या तापमानाला सुमारे चार आठवडे टिकतं, पण ते २५-३० अंशांच्या आत राहायला हवं, आणि दिवस आजपासून मोजायचे. उन्हात उभ्या, बंद गाडीत मात्र काही खरं नाही. आई म्हणाली, मडक्यात ठेवू. कल्पना उत्तम, देशावर कोरड्या हवेत मडकं मस्त गार होतं. पण कोकणात हवेतच इतकं पाणी की मडक्यावरचं पाणी उडणार कधी आणि मडकं निवणार कधी? शेवटी कॅप्टन थर्माकोलची पेटी घेऊन पूल ओलांडून मिरकरवाड्याला पळाला. बंदरावर बर्फाला तोटा नाही. (आणि बर्फाच्या मोठ्या कारखान्यांत गारवा कशानं तयार करतात? अमोनियानंच!) पेनं प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी टॉवेलात, टॉवेल बर्फापासून लांब, सगळ्यात वर. हे महत्त्वाचं आहे, कारण इन्शुलिन गोठलं की ते गेलंच. गरम झाल्यापेक्षाही वाईट.

आता शांतपणे फ्रिज.

खरी पद्धत अशी आहे. गॅसवर थंड होत नसेल तर गाडी सरळ करून विजेवर लावून बघा. विजेवर छान चालला तर दोष ज्योतीत. दोन्हीकडे रडला तर दोष कलामध्ये, मागच्या हवेत किंवा नळ्यांत. एका वेळी एकच बदल, मग थांबा, मग मोजा. ऑफिसात माझ्या टीममध्ये कुणी चार बदल एकदम केले तर मी त्याला फाडून खातो. पण या फ्रिजला एक चाचणी म्हणजे आठ-दहा तास आणि माझ्याकडे होती सकाळच्या एसटीची मुदत! तेव्हा आम्ही सगळं एकदम केलं. तुम्ही करू नका.

पहिली ज्योत. खालच्या भिंगातून पाहिलं तर निळ्या ज्योतीला पिवळी टोकं. ज्योत निळी आणि स्थिर हवी. पिवळी म्हणजे तिला हवा कमी पडतेय किंवा गॅस नीट येत नाहीये. उष्णता कमी, काजळी जास्त, आणि बंद जागेत अशी ज्योत विषारी वायूही सोडते. सिलिंडर बंद केला, सगळं निवू दिलं, झाकण काढलं. बर्नरवर वरच्या धुराड्यातून पडलेले गंजाचे पापुद्रे (खारी हवा, दुसरं काय) आणि हवेच्या भोकात चक्क कोळ्याचं जाळं! कॅराव्हॅनवाल्या लोकांना हा कोळी चांगला परिचयाचा आहे. महिनोन् महिने उभ्या गाडीत तो नेमकी हीच जागा निवडतो. दात घासायच्या जुन्या ब्रशनं सगळं झाडलं.

मग ते बारीक भोकाचं जेट. बाबा म्हणाले, "स्टोची पिन आण." इथे मात्र मी ठाम राहिलो. स्टोच्या जमान्यात पिन ठीक होती, पण या जेटचं भोक इतकं सूक्ष्म असतं की पिन घातली की ते मोठं होतं आणि ज्योत कायमची बिघडते. ते स्पिरिटमध्ये बुडवून ठेवायचं आणि फुंकून, पूर्ण वाळवून लावायचं. स्पिरिट कुठून आणणार? बाबांनी न बोलता आपल्या इंजेक्शनच्या पाऊचमधून बाटली काढून दिली. जोडणी झाल्यावर साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का ते पाहिलं. काडी पेटवून गळती शोधणाऱ्या शूरवीरांनी कृपया हा लेख पुन्हा वाचावा. आणि गॅसच्या जोडणीला हात लावायची सवय नसेल तर सरळ जाणता माणूस बोलवा, यात कमीपणा नाही.

दुसरी हवा. फ्रिजच्या पाठीमागे गाडीच्या भिंतीला दोन जाळ्या असतात. खालून गार हवा आत, वरून गरम हवा बाहेर. ही हवा खेळली नाही तर मागची उष्णता मागेच राहते आणि फ्रिज स्वतःच्याच घामात शिजतो. मी टिश्यू पेपरची पट्टी खालच्या जाळीपाशी धरली, ती आत ओढली जायला हवी. ढिम्म! स्क्रू काढून जाळी उघडली तर आत प्लास्टिकचा जाड शीट चिकटवलेला. कॅप्टनला आठवलं, मागच्या पावसाळ्यात आत पाणी येत होतं म्हणून एका गॅरेजवाल्यानं 'परमनंट' बंदोबस्त केला होता. म्हणजे वर्षभर हा फ्रिज नाक दाबून धावत होता.

त्यात आम्ही गाडी लावलेली दक्षिणेकडे तोंड करून. फ्रिज उजव्या भिंतीत, म्हणजे बरोबर पश्चिमेला. दुपारचं सगळं ऊन आणि समुद्रावरचा सगळा वारा थेट त्या जाळ्यांवर! गाडी वळवली, तोंड उत्तरेला, फ्रिज पूर्वेच्या सावलीत. समुद्राकडच्या चाकांखाली फळ्या. एकदा, दोनदा, तीनदा, बाबांच्या ताटातलं पाणी सगळीकडे सारखं होईपर्यंत. सावलीचा आणखी मोह झाला म्हणून गाडी माडाखाली सरकवत होतो, तर काका धावत आले. नारळ छपरावर पडला तर सोलर पॅनलची भाकरी होईल म्हणे. ज्या भाट्यात नारळाचं संशोधन केंद्र आहे, तिथे एवढी अक्कल आम्हाला असायला हवी होती.

रत्नागिरीतल्या एका कॉम्प्युटरच्या दुकानातून कॅबिनेटमध्ये बसतो तो १२ व्होल्टचा पंखा आणला आणि वरच्या जाळीला आतून बांधला, हवा बाहेर फेकेल असा. आयटीवाल्यांनो, आपलं ज्ञान कुठे कामाला येईल सांगता येत नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे आमचा हावरटपणा. आत बघितलं तर चोवीस कोल्ड्रिंक, दोन कलिंगडं आणि मी पेटीतून हौसेनं ठेवलेले डझनभर हापूस. सगळं गरमच भरलेलं. १२ व्होल्टवर हा फ्रिज आधीच थंड झालेलं जेमतेम थंड ठेवतो, गरम माल गार करायची त्याची ताकद नाही. आम्ही पुण्याहून आंबा घाट उतरेपर्यंत दिवसभर त्याच्याकडून तीच अपेक्षा करत होतो. करायला काय हवं होतं? निघायच्या आदल्या रात्री घरच्या विजेवर लावून ठेवायचा आणि सामान घरच्या फ्रिजमध्ये गार करून मगच भरायचं. (पेट्रोल पंपावर मात्र गॅसची ज्योत बंद, हे विसरायचं नाही.) हापूस बाहेर काढताना बाबा पुटपुटले, "आंबा फ्रिजमध्ये... रत्नागिरीत..." पुढचं छापण्यासारखं नाही.

दाराच्या रबरात दहाची नोट अडकवून ओढली, घट्ट बसली. रबर ठीक. आणि तेव्हा कॅप्टनला आतल्या बाजूला एक स्टिकर दिसला, त्यावर हवामानाचा वर्ग: 'एन'. म्हणजे बाहेर ३२ अंशांपर्यंत चालण्याची हमी. त्याच्या वर ३८ अंशांसाठी 'एसटी' आणि ४३ साठी 'टी' असे वर्ग असतात. थोडक्यात, फ्रिजला हवी होती एसटी आणि बाबांना मिळायला नको होती एसटी!

संध्याकाळी सातला पुन्हा ज्योत लावली. निळीशार. आत फक्त दुधाची पिशवी आणि थर्मामीटर, तोही पाण्याच्या पेल्यात बुडवलेला, कारण नुसत्या हवेचं तापमान दार उघडताच उडी मारतं. आईनं दारावर कागद चिकटवला: 'उघडू नये.' आणि मग काय? मग काहीच नाही! रिफ्रेश मारता येत नाही, टिकेट एस्कलेट करता येत नाही, कुणाला फोन लावता येत नाही. जेवून आम्ही किनाऱ्यावर बसलो. पलीकडे रत्नदुर्गाच्या टोकाला दीपस्तंभाचा उजेड फिरत होता. बाबा त्या रॉकेलच्या फ्रिजबद्दल बोलत होते. रात्री दोनला वात विझली म्हणून उठून गेलेले, लसी वाचवायला तांब्यात बर्फ घेऊन सायकलवर आलेला शिपाई, असं बरंच. माझ्या मनात सारखं येत होतं की हे सगळं मी आधी कधी का विचारलं नाही. आणि हात सारखा फ्रिजकडे जात होता.

अकराला मी चोरून दार उघडलं. १३. आईनं झोपेतच विचारलं, "कोण ते?"

पहाटे पाचला जाग आली तर बाबांची जागा रिकामी. गाडीच्या पायरीवर बसले होते, हातात थर्मामीटर. मला दाखवला. ८. नऊपर्यंत ६ झाला. पेनं पेटीतून पुन्हा लोण्याच्या कप्प्यात गेली नाहीत, कारण दार हा फ्रिजचा सगळ्यात गरम भाग. ती मधल्या फळीवर गेली, बर्फाच्या खणापासून दूर. दुपारी ऊन चढल्यावर आकडा पुन्हा ९ वर गेला, तेव्हा पंखा चालू केला, तासा-दीड तासानं ७. म्हणजे 'एन' तो 'एन'च. एप्रिलमधल्या कोकणात तो जिवावर उदार होऊनच काम करणार. थर्माकोलची पेटी आम्ही पुढेही ठेवली, रोज थोडा बर्फ घेऊन. नेमकं कशानं सुधारलं, ताटानं, कोळ्यानं, प्लास्टिकनं की हापूस काढल्यानं, हे कधीच कळणार नाही. चार बदल एकदम केल्याची शिक्षा!

सकाळची एसटी कधीच निघून गेली होती. बाबांनी तो विषय काढला नाही, मीही नाही. सोमवारी निघायच्या वेळी ते पुढच्या सीटवर बसले, ताट मांडीवर घेऊन. "पूर्णगडला गाडी लावलीस की आधी मला बघू दे," म्हणाले, "मग चहा."